फ्रान्सचे सोंगाडे आणि मायचं लुगडं

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात माझं काच-फ्रेमचं दुकान होतं. होतं म्हणजे, आहे अजून. पण आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि फ्रेमपेक्षा मोबाइलची कव्हरंच जास्त विकतो. मी बसत होतो तेव्हा गोंदियात कोणी वारलं की तेराव्याच्या आत त्यांचा फोटो माझ्याकडे यायचा. चंदनी रंगाची पट्टी, मागे पुठ्ठा, वर कडी. शेठ-सावकार, मास्तर, धानाचे दलाल, रेल्वेतले बाबू, सगळ्यांना मी काचेत बसवलं. फक्त माझ्या बापाला बसवू शकलो नाही. त्याचीच ही गोष्ट आहे, मधे ती फ्रान्सला जाऊन येते एवढंच.

आमच्या हॉलमध्ये एका भिंतीवर घरातली गेलेली माणसं आहेत. आजोबा आहेत, आजी आहे, काका आहेत. काकांच्या शेजारी एक रिकामा खिळा. तो बाबांचा. बाबा गेले तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. ताप आला, डोक्यात गेला, संपलं. दवनीवाड्याकडच्या आमच्या गावात तेव्हा फोटो काढायला कोण जात होतं? बाबांचा जन्मात एकच फोटो निघाला, आणि त्यात ते लुगडं नेसून उभे आहेत.

हसू नका. म्हणजे हसा, बाबांना आवडलं असतं.

आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे जीव की प्राण. दिवाळी झाली, धान कापून झाले की गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, पोरापोरींच्या सोयरिकीची बोलणी तिथेच निघतात, आणि रात्री कापलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडप टाकून नाटक होतं. आता कंपन्या येतात, नट्या येतात, लाइटिंग असते. तेव्हा गावातलेच लोक करायचे. बायांची कामंही बाप्येच करायचे, आणि आमच्या गावात नवरी एकच, माझे बाबा. एक म्हातारा दुसऱ्या लग्नाला उतावीळ झालेला असतो, त्याला गावकरी खोटी नवरी करून देतात, अशी ती गोष्ट. एका मंडईत नागपूरकडचा कोणी फोटोवाला आला होता. त्यानं नटमंडळींचे फोटो काढले. त्यातला बाबांचा तेवढा घरी आला. डोक्यावरून पदर, नाकात नथ, हनुवटीला बोट, आणि डोळा असा की समोरच्याला कळावं, आता काहीतरी चावट येणार.

तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेला. लपवलेला नाही, सगळ्यांना ठाऊक. पण भिंतीवर लावायचं नाव काढलं की माय फणकारायची.

"लुगड्यातला माणूस भिंतीवर नाही टांगाचा."

"अगं पण दुसरा फोटोच नाही ना माय."

"नाही तं नाही. सुपारी मांडून पूजा कर. देवाले चालते, त्यायले नाही चालत काय?"

म्हणून इतकी वर्षं पितृपक्षात सगळ्यांच्या फोटोला गंध लागायचं आणि बाबांची सुपारी पाटावर. मला वाटायचं, मायला लाज वाटते. गावातल्या बाया तिला चिडवत असतील, तुझा नवरा तुझ्यापेक्षा गोरीपान बाई दिसतो म्हणून. यावरून आमची भांडणं व्हायची. मी तिचाच मुलगा, तोंड माझंही कमी नाही. "लोकांच्या बापांना काच लावून पोट भरतो मी, आणि माझ्याच बापाला सुपारी!" असं मी ओरडायचो, आणि ती शांतपणे वांगी चिरत राहायची.

एकदा बायकोनं तोडगा काढला. बाजारातल्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर कपडे बदलून देतात. मी फोटो घेऊन गेलो. तिथला माणूस म्हणाला, "अंकल, टेन्शनच नाही. पदर हटा देते हैं, कोट-टाय लगा देते हैं." लावला त्यानं. निळा कोट, लाल टाय, केसांना भांग. नथ पुसली तिथे नाक थोडं तिरपं झालं. घरी आणून मायपुढे धरला. ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "हा कोन व्हय? तहसीलदार?" फ्रेमही मी आधीच करून आणली होती. ती पुढे एका ग्राहकाच्या सत्यनारायणाच्या तसबिरीला गेली.

आता फ्रान्स.

एक दिवस एक ठेकेदार दुकानात जुनी फ्रेम घेऊन आला. नागपूरला कुठल्या तरी बंगल्याचं सामान निघालं होतं, त्यात मिळालेली. सागवानाची, कोपऱ्यांत कोरीव फुलं. म्हणाला, "चाचा, ये फालतू फोटो निकाल दो, इसमें मेरे पिताजी को बिठा दो." मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला, आणि चित्र उजेडात धरलं. कुरळ्या केसांच्या टोपाचा एक जाडा माणूस मेणबत्ती घेऊन टेबलाखाली कोणाला तरी शोधतोय, आणि तो ज्याला शोधतोय तो टेबलावरच उकिडवा बसलाय, दोन्ही हातांनी तोंड दाबून. मी दुकानात हसत नाही. फ्रेमच्या दुकानात हसणं बरं दिसत नाही, येणारा रडून आलेला असतो. पण त्या दिवशी मी खो खो हसलो. ठेकेदार घाबरला. "क्या हुआ चाचा?" म्हटलं काही नाही, तुमचे पिताजी बसतील यात आरामात.

चित्र मी ठेवून घेतलं. खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, इंग्रजी नव्हत्या. पुढे मोबाइलचा कॅमेरा धरून वाचायची सोय आली तेव्हा कळलं की ती फ्रेंच आहे आणि टेबलाखालचा माणूस म्हणतोय, "या घरात मला फसवणं शक्य नाही." म्हणजे जुन्या फ्रेंच विनोदी नाटकातला प्रसंग, आणि खाली त्यातलंच वाक्य. अरे, म्हटलं, हे तर आपलंच! आमच्या मंडईतला तोच म्हातारा, तोच नोकर, तोच दारामागचा कान. फक्त धोतराऐवजी तंग विजार.

झालं, नाद लागला. लोकांना दारूचा लागतो, पत्त्यांचा लागतो, मला त्या सोंगाड्यांचा लागला. नागपूरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे जायचं आणि फाटक्या ग्रंथांतली चित्रं बघायची. पुदुच्चेरीला एक जुन्या सामानाचे व्यापारी आहेत, त्यांच्याशी फोनवर ओळख झाली. ते तमिळ, मी मराठी, दोघंही मोडक्या हिंदीत फ्रेंच नाटकांबद्दल बोलायचो. त्यांच्याकडे फ्रेंचांच्या घरांतून निघालेली चित्रं येत. पुठ्ठ्याच्या नळीतून ती गोंदियाच्या पोस्टात यायची आणि पोस्टमन विचारायचा, "काका, नकाशे मागवता काय?"

हळूहळू कळायला लागलं. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं रेघा कोरायच्या, रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, आणि ओलसर कागद ठेवून दाबायचं. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर कायमचा उमटतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागतो. नकली छापात तो नसतो, किंवा पोचट असतो. दोनदा फसलोसुद्धा. पण खरं चित्र हातात आलं की कळतं, घरचा तांदूळ आणि रेशनचा तांदूळ हाताला कळतो तसं. मग त्याला आम्ल नसलेला, चित्र पिवळं न पाडणारा कागद मागे लावायचा, काच कागदाला टेकू द्यायची नाही, आणि उन्हाची भिंत सोडून टांगायचं. दुनियेच्या फोटोंना मी पट्टी चिकटवून मोकळा व्हायचो. या सोंगाड्यांची मात्र बाळंतिणीसारखी काळजी घेतली.

समोरची भिंत त्यांनी भरली. एक वैद्य आहे, तो रोग्याची नाडी सोडून मोलकरणीची बघतोय. एक बाप आहे, तो मुलीला खोलीत कोंडून किल्ली अभिमानानं दाखवतोय, आणि मागच्या खिडकीतून मुलीचा एक पाय बाहेर आलाय. एक नोकर आहे, दोन मालकांना एकाच वेळी वाकून नमस्कार करतोय, एकाला पुढून, एकाला मागून. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी या भिंतीला हात जोडायचा. त्याचं काय चुकलं? आमच्याकडे काचेत जुना माणूस दिसला म्हणजे तो गेलेलाच. माझ्या व्याह्यांनी तर दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा वैद्यापुढे आपट्याची पानं ठेवली आणि हळूच विचारलं, "तुमच्या कोनत्या पिढीतले जी?" बायको म्हणाली, "यांच्या आईकडचे." आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसली.

माय मात्र त्या भिंतीसमोरच बसायची. मोतीबिंदू काढल्यावर तिला लख्ख दिसायला लागलं होतं, आणि दिवसभर बघायला दुसरं काय होतं? कुडव्यात ना बांधी, ना ओसरी. दुपारी खुर्ची ओढून बसायची आणि चित्रांना शिव्या द्यायची. किल्लीवाल्या बापाला म्हणायची, "मागं पाह्य ना मेल्या, मागं!" मला बरं वाटायचं. पण त्याच सुमाराला तिचं एक सुरू झालं. रिकाम्या खिळ्याकडे बघायची आणि शिव्या बंद व्हायच्या. एकदा मला म्हणाली, "बाबू, तुजे बाबा मले दिसून नाही राहिले."

"म्हणजे?"

"डोळे मिटले की सासू दिसते, सासरा दिसते, गोठ्यातली गाय दिसते. तेच नाही दिसत. तोंडच गेलं डोक्यातून."

मी उठून कपाटातून फोटो आणला. तिनं घेतला नाही. मान फिरवली. "तो नको," म्हणाली. मी चिडलो, रडकुंडीला आलो, फोटो परत ठेवला. नव्वदीला टेकलेली बाई, नवऱ्याचं तोंड विसरत चालली आहे, तोंड कपाटात आहे, आणि बघणार नाही! असा हट्ट मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

त्या दिवसांत पुदुच्चेरीहून मी बरेच दिवस मागे लागलेलं एक चित्र आलं. व्यापाऱ्यांनी फोनवर नुसतं वर्णन केलं होतं तेव्हाच मी म्हटलं होतं, हे मला पाहिजे म्हणजे पाहिजे. एका नोकरानं मालकाला चकवायला मालकिणीचा झगा घातलाय. एकटाच उभा आहे, डोक्यावरून ओढणी, हनुवटीला बोट. आणि डोळा! तोच. बाबांचा. फ्रान्समधल्या कोण्या कोरणाऱ्यानं आमच्या बांधीतला डोळा तांब्यावर कसा कोरला असेल, देव जाणे. मी ते टेबलावर पसरलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

मायनं खुर्ची जवळ ओढली. बराच वेळ बघितलं.

"हे बाई हाय का बाप्या?"

"बाप्या. नोकर आहे. मालकिणीचे कपडे घातलेत त्यानं."

"मालकिनीचे?"

"हो. मालकाला फसवायला."

ती आणखी वाकली. चित्राच्या कोपऱ्यांत, कडेला, मागच्या दारात शोधायला लागली. मी म्हटलं, काय शोधतेस? तर म्हणाली, "मालकीन कुठं हाय?"

"ती नाहीये या चित्रात."

"मंग तिनं काय नेसलं?"

मला कळलंच नाही. म्हटलं, काय म्हणजे?

"अरे, तिचे कपडे यानं नेसले. मंग तिनं काय नेसलं? ते कशी जाईन नाटक पाहाले?"

असं म्हणून ती एकेक सांगायला लागली. गावातल्या नाटकाला पेटी-तबला भाड्यानं यायचा, पण कपडे घराघरांतून. राजाला पाटलाचा फेटा, वकिलाला मास्तरांचा कोट, आणि नवरीला ज्या घरची नवरी त्या घरचं लुगडं. बाबा नवरी, म्हणून लुगडं मायचं. तिच्या लग्नातलं, जरीकाठाचं. आणि तिच्याकडे चांगलं असं ते एकच. मंडईला गावभर पाहुणे, सासरची माणसं, नणंदा नटूनथटून. घरातली मोठी सून ठिगळाच्या लुगड्यात कशी जाणार? सासू म्हणायची, रांध घरी, पाहुणे जेवाले येतीन. म्हणून ती दरवर्षी घरी. बांधी घरामागेच. तिला हसू ऐकू यायचं, सगळ्या गावाचं.

"मी भाजी ढवळून राहिली, आन् तिकडं लोक हासून राहिले. काऊन हासले ते समजे नाही. सकाळी त्यायले विचारलं तं म्हनत, तुले काय सांगू, ते पाहा लागते. आन् लुगड्याची घडी करून माज्या हाती देत. त्याले त्यायच्या घामाचा वास ये, पावडरीचा वास ये. साऱ्या गावानं पाह्यले. तू पाह्यले, शेंबडा होता तरी. मीच नाही पाह्यले. आन् तू म्हनते तो फोटो लाव. रोज पाहू काय मी, माजं लुगडं कसं मंडईले गेलं ते?"

मी तिच्या पायाशी बसलो. इतकी वर्षं मी लाज-लाज म्हणत होतो, आणि तिथे लाज नव्हतीच, नाटक बघायला न मिळाल्याचा राग होता. साधा, सरळ, बाईमाणसाचा राग. माझा बाप मोठा नट असेल, पण एवढं त्याला सुचू नये? एखादं लुगडं शेजारून मागून आणायचं होतं! मेलेल्या बापावर मी त्या दुपारी खरोखर चिडलो.

मग ती म्हणाली, "तुले याद हाय काय, काय करत ते?"

याद होतं. बांधीतल्या तणसावर, धानाच्या पेंढ्यावर बसून मी ते इतक्यांदा पाहिलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगीन.

"मंग करून दाखव."

"मी?"

"नाही तं काय ह्या गोऱ्याले सांगू?"

साठी उलटलेला, टकला, गुडघे दुखणारा माणूस मी. बायकोची वाळत घातलेली साडी ओढली, पँटवरूनच गुंडाळली, पदर डोक्यावर घेतला आणि हॉलच्या मधोमध उभा राहिलो. म्हाताऱ्या नवरदेवाचं कामही मीच, खोट्या नवरीचंही मीच. म्हातारा विचारतो, "स्वैपाक येते काय व्हो?" नवरी हनुवटीला बोट लावून लाजते. "येते जी. पन खानारा टिकत नाही." म्हातारा विचारतो, "आधीचा नवरा कुठं गेला?" नवरी आभाळाकडे बोट दाखवते. "जेवून उठला, आन् गेला जी." असं सगळं. मधेच गुडघा कळवळला तरी मी नवरीसारखा मुरडलो. बायको चहा घेऊन दारात आली आणि कप हातात तसेच धरून उभी राहिली.

माय हसली. आधी तोंड दाबून, मग मोकळी. बोळक्या तोंडानं, डोळे पुसत, खुर्चीचा हात धरून. "बाप्पा बाप्पा!" म्हणत इतकी हसली की मला भीती वाटायला लागली. मग श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्या बाबानं याहून बरं केलं असन."

मी म्हटलं, नक्कीच.

"आन तो फोटो."

मी आणला. तिनं आधी चेहरा नाही बघितला. काठ बघितला. बोट काचेविना त्या जुन्या कागदावर ठेवून म्हणाली, "माजाच हाय. हे पाह्य, इथं पदराले रफू." मग बोट हळूहळू वर गेलं. गळा, हनुवटी, हनुवटीवरचं बोट. डोळ्यापाशी थांबलं. कितीतरी वेळ थांबलं. "हा," म्हणाली. "आले."

त्या फोटोला मी कोणती पट्टी लावली असेल? दुकानात असेल-नसेल ते सगळं काढलं, एकही मनासारखी नाही. शेवटी टेबलाखाली शोधणाऱ्या जाड्या माणसासाठी जपून ठेवलेली जुनी सागवानी पट्टी कापली. काच कागदाला टेकू दिली नाही. मागे तोच चांगला कागद, जो फ्रान्सवाल्यांना लावतो. काकांच्या शेजारच्या खिळ्यावर बाबा बसले, आणि समोरच्या भिंतीवरचा झग्यातला नोकर बरोबर त्यांच्यासमोर आला. दोघंही हनुवटीला बोट लावून एकमेकांकडे बघतात.

पितृपक्ष आला. वडे, कढी, खीर झाली. मी सगळ्या फोटोंना हार घातले आणि गंधाची वाटी घेऊन बाबांपाशी गेलो, तेवढ्यात माय खुर्चीतून उठली. म्हणाली, "थांब. गंध नको." देवघरातली कुंकवाची डबी तिच्या हातात होती. बाबा गेल्यापासून देवांना सोडून तिनं कुंकवाचं बोट कुठे लावलेलं मी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या कपाळाला तर नाहीच.

बायको चपापली. मी म्हटलं, "माय, बाप्याला कुंकू?"

"मंग? फोटोत कपाळ पांढरं पडलं, दिसत नाही काय तुले?" टाचा उंच करून तिनं काचेवर, पदराच्या खाली, ठसठशीत कुंकू टेकवलं. "माज्या लग्नाचं लुगडं नेसून उभे हायेत ते. कोऱ्या कपाळानं राहतीन काय?"